रानकोंबडीचा डोळा

माघ उतरणीला लागला की सह्याद्रीच्या पायथ्याचं रान आरक्त होतं. पांगारा पेटतो, काटेसावर पेटते, पर्णहीन फांद्यांच्या अग्रांवर रक्तवर्ण शिखा उभ्या राहतात. सुरंगीच्या खोडाखोडांतून गंध पाझरतो, करवंदीच्या जाळ्या शुभ्र, सुकुमार, सूक्ष्म फुलांनी भरून जातात. खाली मात्र पाचोळाच. तांबूस, तपकिरी, करडा, कोरडा, पावलागणिक कुरकुरणारा पाचोळा. वर बघणाऱ्याला वसंत दिसतो आणि खाली बघणाऱ्याला पाचोळा दिसतो.

चितारवाडीची सत्यभामा चितारी ही जन्माची वर बघणारी बाई.

तांबडं फुटण्याआधी ती करवंदीच्या जाळीमागच्या लपणात येऊन बसे. लपण म्हणजे चार वाशांवर टाकलेल्या झावळ्या, आणि समोर बघायला वीतभर फट. वनरक्षक बाबली गवसाने ते तिच्यासाठी मुद्दाम उभारलं होतं. "हलू नकात हां, वयनी. शिंक इली तरी गिळा," असं बजावून तो निघून जाई. घरात क्षणभर गप्प न बसणारी सत्यभामा तीन सकाळी तिथे मुकाट बसून राहिली.

चौथ्या सकाळी तो आला.

आधी साद आली. तुटक, तीक्ष्ण, दरी चिरत गेलेली साद. मग पाचोळा वाजला. मग उन्हाची पहिली तिरीप जिथे उतरली होती तिथे, तिरिपेची वाटच पाहत असल्यासारखा, रानकोंबडा येऊन उभा राहिला. धूम्रवर्ण देह, देहावर शुभ्र रेघांची नक्षी. रक्तोज्ज्वल तुरा. नीलकृष्ण शेपटीचा डौलदार वळसा. आणि मान! काळ्या मानेवरच्या पिसापिसाच्या टोकाशी पिवळ्या लाखेचा एकेक थेंब. एखाद्या चिताऱ्याने मांडी घालून बसावं आणि एकेक ठिपका देत जावं, तसा. सत्यभामेला श्वास घ्यायचं भान राहिलं नाही.

त्याने एक पंख भुईला टेकवला, अंग तिरकं केलं, गोल फिरला. पुन्हा टेकवला, पुन्हा तिरका झाला, पुन्हा फिरला. वसंत त्याच्या अंगात आला होता, आणि वसंताला त्या अंगात जागा पुरत नव्हती. त्याच्या मागे दोनतीन कोंबड्या पाचोळा उकरत होत्या. पाचोळ्याच्याच रंगाच्या, पाचोळ्याच्याच आवाजाच्या. सत्यभामेने त्यांच्याकडे पाहिलं नाही. एवढा रंग समोर नाचत असताना मातीकडे कोण बघतो?

दरवर्षी वनखातं रानातल्या एका जीवाचं तिकीट काढी. टपालाच्या तिकिटाशेजारी चिकटवायचं, अंगठ्याच्या नखाहून जरासं मोठं, आणि खाली बारीक अक्षरांत चित्रकाराचं नाव. लोक ते हौसेने घेत, आणि त्यातून रानातले पाणवठे राखले जात. चित्रं राज्यभरातून येत. निवड एकाचीच होई. यंदाचा जीव होता रानकोंबडा.

तळहाताएवढ्या गोल गंजिफांच्या पत्त्यांवर दशावतार रंगवणाऱ्या घराला लहान चित्राचं काय भय? पण सत्यभामेला ते तिकीट हवं होतं ते निराळ्याच कारणासाठी. तीस वर्षं ती रंगवत आली होती. लाकडी फळं, पाट, पाळणे, गंजिफा आणि भाद्रपदातले गणपती. त्यातल्या एकाही वस्तूवर तिचं नाव नव्हतं. फळं पोरांनी फोडली, पाळणे माळ्यावर गेले. गणपतीवर तर कुणी नाव घालत नाही, आणि घातलं असतं तरी विसर्जनाला ते पाण्यातच गेलं असतं. एकदा तरी, मुंगीच्या अक्षरात का होईना, आपलं नाव चित्राखाली छापलेलं तिला पाहायचं होतं.

दोन वर्षं तिने चित्र पाठवलं होतं. पहिल्या वर्षी शेकरू, दुसऱ्या वर्षी धनेश. दोन्ही परत आली, आणि दुसऱ्याबरोबर चार ओळींचं पत्र आलं. रेखाटन उत्तम. रंग उत्तम. मात्र डोळा पक्ष्याचा वाटत नाही, देवमूर्तीचा वाटतो. हे पत्र तिने रंगाच्या पेटीच्या तळाशी, कागदाच्या अस्तराखाली सरकवलं आणि घरात सांगितलं, "शहरातल्या लोकांका रंगातला काय कळता?" घरातल्यांनी माना डोलावल्या. त्या पेटीवर तेव्हापासून दुसऱ्या कुणाचा हात पडलेला तिला खपत नसे.

कारण पत्र खरं होतं. देवाचा डोळा असा काढतात की तुम्ही कुठेही उभे राहा, तो तुमच्याकडेच बघतो. दोन्ही कोपरे किंचित ताणलेले, बुबुळाभोवती पांढऱ्याचा आभास, आणि प्रकाशाचा ठिपका अगदी मधोमध. वीस भाद्रपद तिचा हात तो डोळा काढत आला होता. आता हाताला दुसरा डोळा येतच नव्हता.

आणि डोळा तर तिचाच! त्या घराचा दंडक होता: चित्र कुणीही रंगवावं, डोळा मात्र शेवटी, आणि घरातल्या सर्वांत वडील हाताने. सासूने मरताना किल्ल्या दिल्या नाहीत, एककेशी कुंचला दिला. 'डोळा उघडणं' म्हणत त्याला. हात धुवायचे, समई लावायची, घरात कुणी बोलायचं नाही. तो एक केस टेकला की लाकूड बघू लागे, माती बघू लागे. पंचक्रोशीत लोक म्हणत, डोळा उघडावा तर सत्यभामेनेच.

तिची धाकटी जाऊ कुंदा पंधरा वर्षांपूर्वी या घरात आली तेव्हा तिला कुंचला धरता येत नव्हता. धरायला शिकवला तो सत्यभामेने. बोटांत कसा पेलायचा, श्वास कुठे रोखायचा, रेघ मनगटातून नव्हे तर खांद्यातून कशी आणायची, सगळं तिने शिकवलं. मनापासून शिकवलं. शिष्येला किती यावं याचं एक माप गुरूच्या मनात असतं, तेवढ्या मापापर्यंत तिने फारच मनापासून शिकवलं.

कुंदा घरचा स्वयंपाक करी, विहिरीचं पाणी आणी, भाकऱ्या थापी, आणि दुपारी भांडी घासून झाली की परसातल्या पायरीवर तासभर रंगवायला बसे. बोलायची कमी. हसायची त्याहून कमी. तिच्या या अबोल, अनाग्रही, अथक स्वभावाचा सत्यभामेला कधी राग येत नसे. यंदा मात्र तिने एके दुपारी पायरीवरून उठून, पदराला हात पुसत, तळहाताएवढा एक कागद सत्यभामेसमोर धरला.

"वयनी, डोळो तेवढो उघडा. मी पण धाडीन म्हणतंय यंदा."

कागदावर पाचोळा होता. पानावर पान, पानाखाली पान, करपलेलं, कुजलेलं, कीड लागलेलं, जाळी झालेलं पान. सत्यभामा बघत राहिली. बघता बघता त्या पाचोळ्यातून एक पाठ वेगळी झाली. मग पंखाची कड. मग छातीवरची पांढरी, किनारदार खवल्यांची वेलबुट्टी. अंड्यांवर अंग धरून बसलेली रानकोंबडी होती ती. दिसत नव्हती आणि होती. डोळ्याच्या जागी कोरा कागद होता.

"कोंबडी?" सत्यभामा म्हणाली. "गो, कोंबडो सोडून कोंबडी कित्याक काढलंस?"

"माका तीच दिसता."

"खंय बघलंस?"

"माहेराक. ल्हान होतंय तेव्हा सुक्या पानांचो पातेरो गोळा करताना पाय पडलो असतो तिच्यार. ती हलाक नाय." एवढं सांगून कुंदा चुलीकडे गेली, कारण भात उतू जात होता.

 सत्यभामेला वाटला तो हेवा होता, दुसरं काही नव्हतं. तिलाही ते त्याच क्षणी कळलं. तीन नव्हे, आठ सकाळी ती लपणात बसली होती, गुडघे आखडले होते, डासांनी फोडून काढलं होतं. तिच्या कोंबड्याच्या मानेवर साठ पिवळे ठिपके होते, प्रत्येक जागच्या जागी. आणि ही बाई भाकऱ्या थापता थापता लहानपणीचं एक पाऊल आठवते काय, आणि रान कागदावर उतरवते काय! सत्यभामेने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली. कोंबडा आरास होता. कोंबडी रान होती.

तिने कोंबडा उचलून पेटीत ठेवला. नाव सत्यभामा असलेल्या बाईने मत्सर करू नये असं कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण एवढा करावा?

दुसऱ्या सकाळी तिने हात धुतले. समई लावली. कुंदा शेजारी येऊन हात जोडून उभी राहिली, दंडकाप्रमाणे अबोल. ओसरीवर ऊन आलं होतं, परसात पांगाऱ्याच्या फुलांवर भोरड्यांचा कलकलाट चालला होता. सत्यभामेने एककेशी कुंचला तपकिरीत बुडवला, श्वास रोखला, आणि टेकवला.

गोल आला. शुद्ध, नितळ, सावध गोल. त्या गोलात तिने काळं बुबुळ दिलं, आणि प्रकाशाचा कण दिला, मधोमध नाही, जरा वर, जरा कडेला. हात तिला न विचारता चालला होता. दोन वर्षं तिच्या शेकरूवर, तिच्या धनेशावर आणि यंदा तिच्या कोंबड्यावर जो डोळा आला नव्हता तो दुसरीच्या चित्रावर आपला आपण आला. कोंबडी जिवंत झाली. कुणाकडेही न बघता, कान देऊन, अंडी झाकून, ती बघू लागली.

इथे थांबली असती तर.

सत्यभामेचा हात थांबला. तिने मान वर करून कुंदाकडे पाहिलं. कुंदाचा चेहरा उन्हात होता, चाळिशीतला, चुलीने रापलेला, आणि तिला ठाऊक नसलेल्या आनंदाने उजळलेला. सत्यभामेने मान खाली घातली, आणि डोळ्याला दोन कोपरे काढले. अलगद ताणलेले, कमलदलासारखे दोन कोपरे. बुबुळाभोवती पांढऱ्याचा आभास. प्रकाशाचा कण हळूच मधोमध. आता रानकोंबडी प्रसन्नमुख, वरदायिनी झाली होती आणि बघणाऱ्याकडे बघत होती.

"उघडलो," सत्यभामा म्हणाली.

कुंदाने चित्र कपाळाला लावलं आणि ते बांधायला घेतलं.

दोन्ही चित्रं एकाच दिवशी गेली, आणि फाल्गुनाच्या शेवटच्या आठवड्यात एकाच दिवशी उत्तरं आली. सत्यभामा तेव्हा रंग खलत होती. तिचं पाकीट कुंदाने आणून तिच्यापुढे ठेवलं. आत कोंबडा, आणि त्याच जुन्या ओळी, यंदा जरा थकलेल्या. तिने ते पत्र पेटीच्या अस्तराखाली पहिल्याच्या सोबतीला दिलं.

"तुझा काय झाला गो?" तिने खलबत्त्यातून मान वर न काढता विचारलं.

"नाय झाला. रंग मळके वाटले त्येंका."

सत्यभामेला सुटल्यासारखं वाटलं. मग सुटल्यासारखं वाटल्याची लाज वाटली. मग लाजेचाही राग आला, आणि तो राग तिने खलातल्या तांबड्या हिंगुळावर काढला. त्या दिवशीचा हिंगुळ इतका बारीक वाटला गेला की तसा पुन्हा कधी जमला नाही. कुंदाने नेहमीसारख्या भाकऱ्या थापल्या.

चैत्राची पहिली सकाळ उगवली. आंब्यांना बाळकैऱ्या लागल्या, कडुनिंबाला कोवळी, तांबूस, तेजस्वी पालवी फुटली, घराघरांवर गुढीचं रेशीम वाऱ्याला लागलं. कुंदा देवळात गेली होती. गुढीच्या पाटाखाली घालायला मूठभर तांदूळ हवे होते, आणि ज्या सत्यभामेला स्वयंपाकघरातली कुठली वस्तू कुठे हे पंधरा वर्षांत ठाऊक नव्हतं, ती तांदळाच्या पिंपाशी आली. हात कोपरापर्यंत आत घातला. तांदळाऐवजी हाताला कापड लागलं.

कापडात चित्र होतं, चित्राला टाचलेलं पत्र होतं.

रानकोंबडी तिच्याकडे बघत होती. सत्यभामा डावीकडे सरकली, ती बघत होती. उजवीकडे सरकली, ती बघत होती. पाचोळ्यात बसलेली ती साधी, मातकट, भयभीत आई देवीच्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होती, आणि त्या डोळ्यांत क्षमा होती. सत्यभामेनेच काढलेली क्षमा होती ती. तिला ती सहन होईना.

पत्रात लिहिलं होतं, यंदा आलेल्या सर्व चित्रांत हे चित्र आम्हाला श्रेष्ठ वाटलं. फक्त डोळा पक्ष्याचा नाही. तेवढा सुधारून दहा तारखेपर्यंत चित्र परत पाठवल्यास तिकिटासाठी याचीच निवड करण्यात येईल.

दहा तारखेला पाच दिवस होते.

कुंदा देवळातून आली तेव्हा ओसरीवर गुढी नव्हती. सत्यभामा रंगवायच्या उतरत्या फळीशी बसली होती, फळीवर चित्र होतं, आणि चित्रावरचा डोळा पात्याच्या टोकाने, ओल्या कुंचल्याने, केसभरही पाचोळा न दुखवता खरवडून काढलेला होता. कोंबडीच्या डोळ्याच्या जागी पुन्हा कोरा कागद होता. कुंदा उंबऱ्यातच थांबली. हातातलं प्रसादाचं पान तिने खाली ठेवलं नाही.

"कुंदा," सत्यभामा म्हणाली, "ह्यो डोळो माझ्या हातान चुकलो नाय. मी चुकवलंय."

"म्हायत आसा."

"काय म्हायत आसा?"

"मी बाजूकच उभी होतंय, वयनी. पयलो गोल बरोबर इलो. मगे तुमचो हात थांबलो. मगे तुमी माझ्याकडे बघलास."

अंगणात शेजारच्यांची गुढी वाऱ्याने फडफडली. सत्यभामेला वाटत होतं, आता ही ओरडेल, रडेल, निदान पान तरी आपटेल. तसं काही होईना.

"मगे बोललंस कित्याक नाय? कागद पिंपात कित्याक पुरलंस? तुका तिकीट मिळत होता!"

"बोलू काय? घरातलो डोळो तुमचो." कुंदा खाली बसली. "गावात तुमचो डोळो म्हणजे देवाचो डोळो. तो चुकलो असा शहरातसून लिवन इला, ह्या मी कोणाक दाखवू?" ती जरा थांबली. मग तिच्या त्या न हसणाऱ्या चेहऱ्यावर काहीतरी तिरपं, मिस्कील, जवळपास निर्लज्ज असं उमटलं. "आणि खोटा कशाक सांगू? माका बरा वाटला."

"बरा वाटला?"

"तुमी माझो हेवो केलास मा! पंधरा वर्सांत माझ्या येका चित्राक तुमी बरा म्हटला नाय. त्या दिसा तुमी दोन कोपरे काढलास, तेव्हा माका कळला, चित्र बरा आसा."

सत्यभामेने पातं उचलून पेटीत टाकलं. 

"आणि तुमी येकट्याच जळलास असा समजू नकात," कुंदा म्हणाली, आता तिला थांबवत नव्हतं. "आठ सकाळ तुमी रानात गेलास. येक दिस म्हटलास नाय, चल गो कुंदा. माझा माहेर त्याच रानात आसा. तुमी थंय कोंबडो बघी होतास आणि मी हंय भाकरेक बसलेलंय. चुलीपक्षा मीच जास्त जळलंय."

 ऊन पायरीवरून आत आलं. मग सत्यभामा उठली, हात धुतले, आणि एककेशी कुंचला कुंदासमोर धरला.

"धर. डोळो तू उघड."

"नाय हां वयनी. वडील हात तुमचो."

"वडील हातानच सांगतंय मा. धर!"

कुंदाने कुंचल्याला हात लावला नाही. तिने कोऱ्या कागदाच्या त्या मोहरीएवढ्या जागेकडे पाहिलं आणि म्हणाली, "माका आता आठावना नाय. तीस वर्सां झाली. डोळो कसो होतो ता बघूक व्हया."

म्हणून दुसऱ्या दिवशी, तांबडं फुटण्याआधी, बाबली गवसामागून रानाची वाट कुंदाने धरली, आणि सत्यभामा चुलीपुढे बसली. पहिली भाकरी तुटली. दुसरी करपली. तिसरी करपली आणि तुटली. धुराने डोळे चुरचुरत होते, आणि मन लपणात जाऊन बसलं होतं. आता ऊन जाळीवर आलं असेल. आता साद आली असेल. आता पाचोळा वाजला असेल, आणि ती तिथे आहे, मी इथे आहे. एवढं जळली ती, की तिला एकदम पंधरा वर्षांचा हिशेब न मांडताच कळला. तिच्या नवऱ्याने ताटातल्या भाकरीकडे पाहिलं, मग बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि निमूट खाल्ली.

कुंदा चौथ्या दिवशी, दहा तारखेच्या आदल्या सकाळी, परतली ती धावतच. केसांत पाचोळा, कोपराला करवंदीचे ओरखडे, पदर फाटलेला. पाणी प्यायली नाही, पाय धुतले नाहीत. सत्यभामेने न विचारता समई लावली, कुंचला पुढे केला आणि शेजारी हात जोडून उभी राहिली. इतकी वर्षं इतर सगळे जिथे उभे राहत तिथे ती पहिल्यांदा उभी होती. तिथून चित्र फार लांब दिसतं, हे तिला आत्ता कळलं.

कुंदाने श्वास रोखला. केस टेकला.

गोल आला. बुबुळ आलं. वर, कडेला, प्रकाशाचा कण आला. आणि तिथे कुंदाचा हात थांबला, आणि तिने मान वर करून सत्यभामेकडे पाहिलं.

"बस," सत्यभामा म्हणाली. "आता हात उचल." 

डोळा उघडला होता. त्या घरात उघडून तसाच टिकलेला तो पहिला डोळा, जो समोरच्याकडे बघत नव्हता. सत्यभामा डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली. रानकोंबडीला तिचं काही देणंघेणं नव्हतं. तिचं लक्ष पाचोळ्यातल्या कसल्याशा चाहुलीकडे होतं, आणि पोटाखालच्या उबेकडे होतं. सत्यभामेला वाईट वाटलं, आणि खूप मोकळंही वाटलं.

चित्र त्याच दुपारी बाबलीबरोबर शहरात गेलं.

कार्तिकात, रान पुन्हा सोनेरी होऊ लागलं तेव्हा, तिकिटांचा कागद घरी आला. एका पानावर वीस रानकोंबड्या, वीस पाचोळे, वीस उबदार पोटं. प्रत्येकीखाली मुंगीच्या अक्षरांत कुंदा चितारी. सत्यभामेने भिंग घेऊन नाव वाचलं. पुन्हा वाचलं. तो जुना, ओळखीचा हेवा पुन्हा आला. तो गेला नव्हता, आणि जाईल अशी तिची अपेक्षाही नव्हती.

"चित्र बरा आसा," ती म्हणाली. मग राहवेना म्हणून म्हणाली, "अक्षरां तेवढी बारीक आसत."

कुंदा हसली. त्या घरात त्या दिवशी रंग कुणी खलला नाही.

पुढच्या माघात सत्यभामेने भेकराचं चित्र पूर्ण केलं. त्याचा डोळा कुणी उघडायचा यावर दोघी जावा दोन दिवस भांडल्या, आणि शेवटी तो सत्यभामेनेच उघडला. कुंदा शेजारी उभी राहून वेळेवर "बस" म्हणाली. चित्र पाकिटात घातलं, पाकीट डिंकाने बंद केलं, टपालाचं तिकीट लावलं. त्या तिकिटाशेजारी, रिवाजाप्रमाणे, वनखात्याचं तिकीट लावायचं होतं.

सत्यभामेने विसांतली एक रानकोंबडी फाडून घेतली, डिंक लावला, पाकिटावर ठेवली, आणि अंगठ्याने दाबली. हवी त्याहून जरा जास्तच जोराने दाबली, जरा जास्तच वेळ दाबली. बाहेर पांगारा पुन्हा पेटत होता, काटेसावर पुन्हा पेटत होती. मग तिने अंगठा उचलला. कोंबडी होती तशीच होती. पाचोळ्यात पाचोळा होऊन, अंड्यांवर अंग धरून, सत्यभामेकडे न बघता, रानाकडे बघत.